चक्कर, कान आणि मान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

चक्करेबद्दल आलेल्या पत्रांत दोन वाक्यं पुन्हा पुन्हा येतात : ‘पित्त झालं असेल’ आणि ‘मणक्याचं आहे म्हणाले’. दोन्ही निदानं आपल्याकडे फार स्वस्त झाली आहेत. चक्करेचं मूळ शोधताना ती कशी वाटते याच्या वर्णनापेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात : एकदा आली की किती वेळ टिकते आणि काय केल्यावर येते. ज्या पत्रांत हे दोन्ही तपशील आहेत, त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : वय ५८. रात्री उजव्या कुशीवर वळलं किंवा सकाळी उठायला गेलं की सगळी खोली गरगर फिरते. अर्धा मिनिट पडून राहिलं की थांबते. माळ्यावरचा डबा काढताना, दोरीवर कपडे वाळत घालतानाही होतं. मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून पट्टा लावलाय. दोन महिने झाले, काडीचा फरक नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला की बहुतेकांना झीज दिसतेच, आयुष्यात कधी चक्कर न आलेल्यांनाही. तेवढ्यावरून दोष मणक्यांवर टाकता येत नाही. घरी एक करून पाहा. खुर्चीत ताठ बसून मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवा. मग अंथरुणावर मान अजिबात न वळवता डोकं, खांदे, कंबर एकदमच कुशीवर घ्या. पहिल्यात काही झालं नाही आणि दुसऱ्यात घर फिरलं, तर मान सुटली, कान सापडला.

तुम्ही लिहिलंय ते अंतर्कर्णातल्या खड्यांच्या चक्करेचं अगदी नमुनेदार वर्णन आहे. डॉक्टर तिला ‘बीपीपीव्ही’ म्हणतात. अंतर्कर्णात यूट्रिकल नावाची एक पिशवी असते. तिच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोकं हलेल तसे आतल्या द्रवात घरंगळतात. डोकं थांबलं तरी खडे तळाशी बसेपर्यंत द्रव ढकलला जातो आणि मेंदूला वाटतं, आपण अजून फिरतोय. खडे बसले की चक्कर संपते, म्हणून ती मिनिटाच्या आत थांबते. तीन नलिकांपैकी मागची नलिका सर्वांत खालच्या पातळीवर असते, त्यामुळे बहुतेक वेळा खडे तिच्यातच अडकतात.

हे खडे कॅल्शियमचे आहेत म्हणून दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नका, त्यांचा इथे काही संबंध नाही. उलट हाडं ठिसूळ असणाऱ्यांत आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो. एकदा ‘ड’ची रक्ततपासणी करून घ्या. ते कमी असेल तर भरून काढल्याने चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण घटतं.

खात्रीची तपासणी म्हणजे डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली चाचणी. डोकं एका बाजूला ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन पाठीवर झोपवतात, डोकं टेबलाच्या कडेवरून थोडं मागे झुकू देतात आणि डोळ्यांकडे बघत राहतात. दोन-पाच सेकंदांनी बुबुळं वरच्या दिशेने आणि जमिनीकडच्या कानाकडे पिळल्यासारखे झटके देऊ लागतात. ज्या बाजूला हे होतं, त्या बाजूचा कान दोषी. याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं लागतात. डोळे न बघताच पट्टा दिला गेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ही चाचणी मागून घ्या.

उपचारही हातांनीच होतो. अमेरिकेत पोर्टलंडमध्ये काम करणारे जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे. गोळीने नलिकेतले खडे बाहेर येत नाहीत. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून त्यांना आले त्या वाटेने पिशवीत परत घालवायचं असतं. उजव्या कानासाठी क्रम असा :

पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा, की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल आणि डोकं उशीच्या पलीकडे गादीवर टेकेल. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा, म्हणजे हनुवटी समोर आणि उजवा खांदा यांच्या मधोमध येईल. तसंच वळवलेलं ठेवून झटकन पाठीवर पडा. चक्कर येईल, येऊ द्या. डोळे उघडे ठेवा. चक्कर थांबल्यावरही आणखी अर्धा मिनिट तसेच राहा. आता डोकं न उचलता डावीकडे ९० अंश फिरवा, पुन्हा अर्धा ते एक मिनिट थांबा. मग अंग डाव्या कुशीवर घ्या आणि डोकं त्याच दिशेने आणखी ९० अंश न्या, म्हणजे नाक जमिनीकडे होईल. पुन्हा तेवढाच वेळ. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून, पाय पलंगाखाली सोडून उठून बसा आणि दोन-तीन मिनिटं तसेच बसून राहा. उठल्या उठल्या कोणीतरी मागे खेचल्यासारखं होऊ शकतं, म्हणून शेजारी माणूस हवा.

फसतं ते बहुधा दोन जागी. पाठीवरून डावीकडे वळताना माणूस नकळत डोकं उचलतो आणि खडे मागे घसरतात. दुसरं, कुशीवर गेल्यावर नाक समोरच्या भिंतीकडेच राहतं, जमिनीकडे जात नाही. घाई हे तिसरं कारण : खड्यांना द्रवातून खाली जायला वेळ लागतो, दहा सेकंदांत पुढची स्थिती घेतली तर ते वाटेतच राहतात.

पहिली खेप डॉक्टरांकडून किंवा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. दहापैकी साधारण आठ जण एक ते तीन वेळांत मोकळे होतात. त्यानंतर दोन रात्री बसून झोपायचा सल्ला पूर्वी देत, त्याची गरज नाही असं पुढे दिसून आलं आहे. एक-दोन दिवस डोकं हलकं, पावलं जरा तरंगती वाटतील, ते चालेल. मानेची शस्त्रक्रिया झालेली असेल, संधिवाताने मानेचे सांधे सैल झाले असतील किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर हे घरी करू नका.

आणि हो, हा त्रास उलटतो. पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा येतो. दुसऱ्यांदा आला म्हणजे नवा आजार जडला, असं समजू नका. तोच उपचार तितकाच लागू पडतो.

प्रश्न : मोबाइलवर व्हिडिओ बघून मी स्वतःच हा व्यायाम केला. कोणता कान हे कळेना म्हणून दोन्ही बाजूंनी केला. आता कुठल्याही कुशीवर वळलं तरी आधीपेक्षा जोरात फिरतं. काही बिघडवलं का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : कायमचं काही बिघडलेलं नाही. मागच्या नलिकेतले खडे बाहेर येताना कधी कधी चुकून आडव्या नलिकेत शिरतात. तशी चक्कर दोन्ही कुशींवर येते, जास्त जोराची असते आणि उलटीही होते. तिला वरची पद्धत चालत नाही. पाठीवर झोपून निरोगी कानाच्या दिशेने ९०-९० अंशांनी पूर्ण गिरकी घेण्याची वेगळी पद्धत असते. त्यातही खडे मोकळे आहेत की टोकाशी चिकटलेत, यावर दिशा बदलते आणि ते डोळ्यांच्या झटक्यांवरूनच कळतं. त्यामुळे आता स्वतः प्रयोग थांबवा. ‘दोन्ही बाजूंनी करून ठेवू’ हे मात्र पुढेही नको : कान ठरल्याशिवाय हा व्यायाम करायचाच नाही.

प्रश्न : वय ४२. आधी डाव्या कानात दडे बसतात, घूं घूं आवाज येतो, ऐकू कमी येतं. मग दोन-तीन तास भयंकर चक्कर आणि उलट्या. दुसऱ्या दिवशी ठीक. महिन्यातून दोनदा होतं. घरचे पित्त म्हणून आमसुलाचं सार देतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सार प्या, पण पित्ताला सोडून द्या. तोल सांभाळणाऱ्या चेता आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र यांचं जुनं साटंलोटं आहे. कान बिघडला की उलटी होते. पिवळं-हिरवं पाणी पडलं म्हणून पित्त हे कारण ठरत नाही, रिकाम्या पोटातून तेच पडणार.

एका कानात दडे, आवाज, खाली-वर होणारं ऐकणं आणि २० मिनिटं ते १२ तास टिकणारी चक्कर, हे मेनिएरच्या आजाराचं चित्र आहे. पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये अशी चक्कर कानातून येते हे मांडलं. तोवर ती मेंदूच्या खात्यात जमा होत असे. या आजारात अंतर्कर्णातला आतला द्रव साचून पडदे ताणले जातात.

निदानासाठी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, हवाच. त्रास चालू असताना किंवा एक-दोन दिवसांत काढलेला सर्वांत बोलका असतो. सुरुवातीला २५०, ५००, १००० हर्ट्झ या खालच्या सुरांत ऐकणं घसरतं आणि झटका ओसरल्यावर काही अंशी परत येतं. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवसांचे आलेख जपून ठेवा. एकाच कानाचं ऐकणं कमी होत असल्याने श्रवणचेतेवर गाठ नाही ना, हे पाहायला एकदा एमआरआय करणं योग्य.

मिठाबद्दल. कमी मिठाने झटके कमी होतात, याचा शास्त्रीय पुरावा कच्चा आहे. तरी जवळपास सगळे तज्ज्ञ सुरुवात इथूनच करतात, कारण खर्च नाही, अपाय नाही आणि काहींना फरक पडतो. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम सपाट एक चहाचा चमचा. घरातला हिशेब सोपा आहे : चौघांच्या घरात महिन्याला किलोभर मीठ संपत असेल, तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर पडतं. त्यात विकतचे पापड, फरसाण, लोणचं, पाव, सॉस धरलेलेच नाहीत. ताटात वरून मीठ घेणं बंद, लोणच्याची फोड आणि पापड सणापुरते, भाकरीच्या पिठात मीठ नको. कोकम, लिंबू, ओलं खोबरं, मिरी यांनी चव राखता येते. सैंधव घेऊन उपयोग नाही, तेही सोडियमचंच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. मिठाचं प्रमाण एका दिवशी अळणी आणि दुसऱ्या दिवशी वडापाव असं हेलकावणारं नको. जेवण, झोप, पाणी यांच्या वेळा सांभाळा.

बीटाहिस्टीन ही गोळी आपल्याकडे चक्कर म्हटली की लिहिली जाते. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, कमी मात्रा, जास्त मात्रा आणि नुसती खोटी गोळी अशा तिन्ही गटांत झटके नऊ महिन्यांत सारखेच कमी झाले. गोळी फारशी अपायकारक नाही (दमा किंवा पोटात व्रण असेल तर मात्र सांगा). दोन-तीन महिने घेऊन, झटक्यांची नोंद ठेवून, फरक नसेल तर बंद करण्याबद्दल बोला. वर्षानुवर्षं घेत राहण्यात अर्थ नाही. तरीही झटके आवरत नसतील तर कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. जेंटामायसिनचं इंजेक्शन त्याच्या पुढची पायरी. ते तोलाचा अवयवच दुबळा करतं, चक्कर थांबते, पण ऐकणं जाण्याचा धोका असतो.

झटका आला की : बसल्या जागी खाली, शक्यतो जमिनीवर, चांगला कान खाली करून कुशीवर पडा. न हलणाऱ्या एका वस्तूवर नजर लावा. डॉक्टरांनी दिलेली उलटी-चक्करेची गोळी लगेच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. काही रुग्ण कसलीही पूर्वसूचना न मिळता धाडकन पडतात. तसं एकदा जरी झालं तर गाडी, शिडी, विहीर आणि पोहणं बंद, आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

एक तातडीची गोष्ट. ऐकणं अचानक, काही तासांत गेलं आणि दुसऱ्या दिवशीही परत आलं नाही, तर ‘दडे बसलेत, उतरतील’ म्हणून थांबू नका. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर फारसा राहत नाही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी चक्कर आली तेव्हापासून प्रोक्लोरपेराझीन आणि सिनारिझीनच्या गोळ्या चालू आहेत. चक्कर थोडी आहेच. आता चालणं मंदावलंय, उजवा हात थरथरतो. वयामुळे असेल ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वयावर ढकलू नका. या दोन्ही गोळ्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, कंपवातासारखी लक्षणं येतात : हात थरथरणं, चेहरा निर्विकार होणं, पावलं आखूड पडणं. चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि ‘या कंपाला ही औषधं कारण असतील का’ असं थेट विचारा. औषध कमी कसं करायचं ते तेच ठरवतील. बंद केल्यावर बहुतेकांना बरं वाटतं, पण त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या जोराच्या चक्करेसाठी आहेत. त्यापुढे चालू ठेवल्या की मेंदूला कानाच्या नव्या परिस्थितीशी जुळवून घेता येत नाही, आणि चक्कर ‘थोडी आहेच’ अशी रेंगाळते. आठ महिन्यांची चिठ्ठी कोणी मुद्दाम दिली नसेल. दुकानातून तीच पुन्हा पुन्हा आणली गेली असेल, असंच बहुतेक घरांत होतं.

दोन तपासण्या आधी करा. वडिलांना पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्करेचं कारण उभं राहण्यात आहे. मग रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांकडे पाहावं लागेल. दुसरी, वर सांगितलेली खड्यांची चाचणी. वृद्धांना खोली फिरल्यासारखं वाटतंच असं नाही, नुसता झोक जातो, त्यामुळे ती राहून जाते.

घरात रात्रीचा दिवा, संडास-न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा (टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही), मागे पट्टा असलेली चप्पल आणि लघवीला उठताना कडेला बसून मिनिटभर थांबणं, एवढं आजच सुरू करा.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी अचानक चक्कर सुरू झाली, तीन दिवस थांबलीच नाही. ‘व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस’ असं निदान झालं. ऐकायला नीट येतं. आता फिरत नाही, पण मान वळवली की नजर मागे राहते आणि मॉलमध्ये तरंगल्यासारखं होतं. विश्रांती किती घ्यावी? (एक वाचक, बंगळूर)

उत्तर : विश्रांती संपली. एका कानाच्या तोलचेतेला सूज येऊन तिचे संदेश कमी झाले आहेत. राहिलेल्या संदेशांवर काम चालवायला मेंदू शिकतो, पण फक्त डोकं हललं तरच शिकतो. जपून, ताठ मानेने वावरणारे लोक महिनोन्महिने अडकून पडतात.

एका कार्डावर साधारण एक सेंटिमीटर उंचीचं अक्षर लिहा, ‘क’ चालेल. ते डोळ्यांच्या पातळीवर हातभर अंतरावर धरा. अक्षरावरची नजर न हलवता डोकं डावीकडे-उजवीकडे २० ते ३० अंश हलवा. अक्षर स्पष्ट दिसेल तेवढाच वेग ठेवा. ते पुसट होऊ लागलं की वेग उतरवा, स्पष्ट राहतंय तर वाढवा. एक मिनिट झालं की थांबा, मग एक मिनिट वर-खाली. ही जोडी दर वेळी दोनदा, दिवसातून तीन वेळा, सगळं मिळून १२ मिनिटं. त्रास तीन महिन्यांपेक्षा जुना असेल तर २० मिनिटं. आधी बसून, आठवड्याने उभं राहून, मग पाय जुळवून, नंतर जाड उशीवर, शेवटी चालता चालता. मॉलचा त्रास असणाऱ्यांनी अक्षराच्या मागे चौकड्यांची चादर टांगावी.

व्यायामानंतर थोडं गरगरायलाच हवं, त्याशिवाय मेंदूला शिकायला काही मिळत नाही. ते १५-२० मिनिटांत उतरलं पाहिजे. तासभर मळमळत राहिलं तर वेग किंवा वेळ निम्मा करा, बंद करू नका. तोलासाठी खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून, पुढे खुर्ची ठेवून, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून अर्धा मिनिट उभे राहा. जमलं की डोळे मिटून.

तीन महिन्यांनंतरही रोज तरंगणं राहिलं, विशेषतः गर्दीत आणि मोबाइल सरकवताना, तर पुन्हा दाखवा. त्याला वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत.

प्रश्न : वय ३४. पाळीच्या आसपास, जागरण किंवा उपवास झाला की काही तास चक्कर. उजेड आणि आवाज नकोसा होतो. डोकं दर वेळी दुखतंच असं नाही. कानाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या. (एक वाचक, पुणे)

उत्तर : अर्धशिशीच्या जातीची चक्कर असावी. ती पाच मिनिटं ते तीन दिवस टिकू शकते आणि डोकेदुखी नसतानाही येते. पूर्वी अर्धशिशी होती का, आईला आहे का, हे डॉक्टरांना सांगा. निर्जळी उपवास सोडा. उपवास करायचाच तर दर तीन-चार तासांनी काही खा. दोन महिने पाळी, झोप आणि चक्कर यांची नोंद एकाच कॅलेंडरवर ठेवा. झटके वारंवार येत असतील तर अर्धशिशी रोखणारी औषधं लागू पडतात.

प्रश्न : एमआरआय काढून मोकळं व्हावं का? (तीन वाचक)

उत्तर : कुशीवर वळल्यावर येणाऱ्या मिनिटभराच्या चक्करेला गरज नाही. पण चक्कर पहिल्यांदाच आणि सतत चालू असताना बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, चेहरा किंवा हात-पाय बधिर झाले, गिळता येईना, मानेत-डोक्यात नवी तीव्र कळ आली किंवा धरल्याशिवाय उभंच राहता येईना, तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा. अशा वेळी सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात त्यात बरेचदा दिसत नाही.

प्रश्न : स्कूटर चालवू का? घाटातून एसटीने जाऊ का? (एक वाचक, महाड)

उत्तर : मागे वळून पाहताना तोल जात नाही आणि गेल्या काही आठवड्यांत अवचित झटका आलेला नाही, तर स्कूटर चालेल. झोप आणणारी चक्करेची गोळी घेतली असेल त्या दिवशी नाही. एसटीत पुढच्या बाजूला, खिडकीशी बसा, लांबचा रस्ता पाहा, मोबाइल पिशवीत ठेवा. खड्यांच्या चक्करेला घाटाची वळणं त्रास देत नाहीत. तिला त्रास होतो तो दंतवैद्याच्या खुर्चीत आणि पार्लरमध्ये केस धुताना डोकं मागे टाकल्यावर. तिथे आधीच सांगून ठेवा.